बांधावरचा गल्ला

न्यू यॉर्क राज्याच्या नकाशावर, ओल्या मातीवर कुणी पंजा ओढावा तशा, अकरा लांबट निळ्या रेघा दिसतात. त्या बोटांसारख्या दिसतात म्हणून या सरोवरांना फिंगर लेक्स हे नाव पडले. न्यू जर्सीतली मराठी कुटुंबे ऑक्टोबरात पानगळीचे रंग पाहायला इकडे येतात, मुलांना वॉटकिन्स ग्लेनची घळ आणि धबधबे दाखवतात. इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांचे आईवडील भारतातून आले की त्यांचाही एक दिवस या भागात जातोच. सेनेका सरोवराच्या पश्चिम काठाने जाणारा रस्ता धरला की थोड्या थोड्या अंतरावर वायनऱ्यांच्या पाट्या लागतात. उतारावर द्राक्षांच्या ओळी, त्यांच्या पायथ्याशी पाणी आणि माथ्यावर एक लाकडी इमारत असते. तिच्या ओसरीत खुर्च्या मांडलेल्या असतात आणि आत लांबलचक काउंटर असतो. पाहुणा तिथे घटकाभर बसतो, चार-पाच वाइनचे घोट चाखतो, फोटो काढतो, एखादी बाटली घेऊन निघतो. देखावा गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी आहे आणि त्याच्या आडून वाइन खपवली जाते, असे त्याला परत जाताना वाटणे साहजिक आहे. मला हा क्रमच उलटा वाटतो. डोळ्यांना सुख देणारे ते पाणी तिथे नसते तर त्या उतारावर युरोपीय द्राक्षाचा एक वेल जगला नसता. आणि पाहुण्याला चैनीची वाटणारी ती वाइन चाखायची खोली, म्हणजे टेस्टिंग रूम, नसती तर वेल लावणारा शेतकरी कधीच जमीन विकून गेला असता. टेस्टिंग रूम म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर मांडलेला गल्ला, आणि तिचे बरेवाईट ठरवायचे तर याच मापाने ठरवले पाहिजे.

सुरुवात पाण्यापासूनच करू. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या अजस्र थरांनी इथली जुनी नदीखोरी खरवडून खोल केली. बर्फ मागे हटला तेव्हा त्या घळींमध्ये पाणी साठले. म्हणून ही सरोवरे अरुंद आणि उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत, आणि आकाराच्या मानाने विलक्षण खोल आहेत. सेनेकाची लांबी सुमारे ६१ किलोमीटर, रुंदी जेमतेम तीन-चार किलोमीटर, आणि खोली तब्बल १८८ मीटर. त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. शेजारचे केयूगा १३३ मीटर खोल आहे. इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे फुटलेले क्यूका त्या मानाने उथळ. या खोलीलाच सगळा अर्थ आहे. पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सियसला. हिवाळ्यात पृष्ठभागावरचे पाणी थंड झाले की ते खाली बसते आणि त्याच्या जागी खालचे उबदार पाणी वर येते. वरून खालपर्यंत सगळे पाणी चार अंशांवर आल्याशिवाय बर्फ धरायला सुरुवातच होत नाही. सेनेकासारख्या खोल सरोवरात हे होईतो अख्खा हिवाळा सरतो, त्यामुळे ते सहसा गोठत नाही. उन्हाळाभर साठवलेली ऊब ते काठाला थोडी थोडी परत देत राहते.

अक्षांश पाहिला तर हा भाग रोमपेक्षा फारसा उत्तरेला नाही, पण इथला हिवाळा रोमचा नाही. पारा उणे २० अंशांच्या खाली गेला की युरोपीय द्राक्षांचे डोळे वेलीवरच मरू लागतात. अशा रात्री सरोवराच्या काठी आणि काठापासून चार-पाच किलोमीटर आत असलेल्या तापमानातला काही अंशांचा फरक म्हणजे पीक आणि सरपण यांच्यातला फरक. उताराचाही यात वाटा आहे. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखीच उताराने वाहत खाली जाते. पाण्यापाशी ती थोडी तापते, वर चढते, आणि तिच्या जागी वरची हवा येते. रात्रभर हा फेरा चालू राहिला तर बागेत गारठा साचून राहत नाही. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. जानेवारीत पारा घसरला की बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढण्याचे दिवस त्याने पाहिलेले आहेत. इथे शेकोटीचे काम सरोवर करते.

वसंतात पाण्याचे काम नेमके उलटे असते. हिवाळ्याने गार झालेले सरोवर काठावरची हवा थंड ठेवते, म्हणून वेलीचे डोळे उशिरा फुटतात आणि उशिराच्या दहिवरातून कोवळी फूट वाचते. १८ मे २०२३ च्या पहाटे या भागात असेच कडक दहिवर पडले. उंचावरच्या, पाण्यापासून दूर असलेल्या बागांमध्ये कोवळी फूट एका रात्रीत काळी पडली, तर पाण्याजवळच्या कितीतरी बागांना त्या मानाने कमी झळ लागली. शरदात सरोवर पुन्हा उलटे वागते. आता ते ऊब धरून ठेवते आणि रीसलिंगसारख्या उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाला ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत वेलीवर राहू देते. दिवस उबदार, रात्री थंड, म्हणून मण्यात साखर भरते आणि आंबटपणाही टिकून राहतो. इथल्या रीसलिंगचा पहिला घोट जिभेच्या दोन्ही कडांना लिंबासारखा झोंबतो आणि तोंडाला पाणी सुटते, ते या रात्रींमुळे. ओसरीत बसून पाहुणा ज्या पाण्याकडे बघत असतो तेच पाणी त्याच्या पेल्यातही उतरलेले असते.

पण नुसत्या पाण्याने भागत नाही. शरद संपत आला की बागेत एक काम निघते. पाहुण्यांपैकी फार थोडे ते पाहतात. युरोपीय वेल इथे अमेरिकी रानवेलीच्या खुंटावर कलम केलेला असतो, कारण स्वतःच्या मुळांवर तो इथल्या मातीतल्या फिलॉक्सेरा किडीला बळी पडतो. आपल्याकडच्या बागायतदाराच्या ओळखीचा डॉगरीज खुंटही अमेरिकेचाच, टेक्सासच्या रानवेलीच्या कुळातला. नाशिकच्या द्राक्षाची मुळे अशी अमेरिकी आहेत. फरक एवढाच की इथे कलमाची गाठ हा वेलीचा सर्वांत नाजूक भाग. ट्रॅक्टरला नांगर लावून ओळीच्या दोन्ही अंगांनी माती उचलायची आणि ती गाठ पूर्ण झाकेल असा वरंबा खोडाशी चढवायचा. हिवाळ्यात वरचे खोड आणि ओलांडे मेले तरी मातीखालची गाठ वाचते आणि वसंतात तिथून नवे खोड उभे करता येते. थंडी सरली की हीच माती अगदी हलक्या हाताने काढायची असते. ती तशीच राहिली तर वरची फांदी स्वतःची मुळे सोडते आणि कलमाचा उपयोग संपतो. दरवर्षी, एकेका वेलीला माती चढवायची आणि उतरवायची.

युरोपीय द्राक्ष इथे जगेल यावर फार काळ कुणाचा विश्वास नव्हता. क्यूकाच्या दक्षिण टोकाला हॅमंड्सपोर्ट गावात विल्यम बॉस्टविक या पाद्र्याने १८२९ साली चर्चच्या आवारात वेल लावले, तिथून इथल्या द्राक्षशेतीची सुरुवात मानतात. १८६० साली त्याच गावाजवळ पहिली मोठी वाइन कंपनी उभी राहिली. पुढची शंभर वर्षे इथे पिकले ते मुख्यतः काँकर्ड, कटॉबा, डेलावेअर अशा अमेरिकी जातींचे द्राक्ष. थंडीत टिकणारे, भरघोस लागणारे, वासाला उग्र आणि गोड. अमेरिकेत घराघरांत मिळणारा जांभळा द्राक्षरस आणि जेली म्हणजे हाच काँकर्डचा वास. १९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षे इथल्या कंपन्यांनी द्राक्षरस आणि चर्चच्या विधींसाठी लागणारी वाइन विकून काढली. त्यानंतर १९३४ मध्ये फ्रान्सच्या शँपेन प्रांतातून शार्ल फूर्निए हा वाइनकार हॅमंड्सपोर्टला आला. त्याने १९५३ मध्ये युक्रेनहून आलेल्या एका निर्वासिताला हाताशी धरले. कॉन्स्टंटिन फ्रँक ओडेसाकडचा, द्राक्षशास्त्रातला डॉक्टर. पन्नाशी उलटल्यावर, इंग्रजी येत नसताना १९५१ मध्ये तो अमेरिकेत उतरला होता आणि इथल्याच जिनिव्हा गावच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात त्याला मिळाले होते ते हलके अंगमेहनतीचे काम. युक्रेनच्या थंडीत युरोपीय द्राक्षे जगवलेल्या माणसाचे म्हणणे साधे होते. वेल थंडीने मरत नाही, चुकीच्या खुंटामुळे मरतो. लवकर पक्व होणारे, काडी लवकर पिकवणारे खुंट शोधत तो आणि फूर्निए क्युबेकपर्यंत गेले. १९५७ च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीतून फ्रँकचे रीसलिंग आणि शार्दोने तरले. १९६२ मध्ये त्याने क्यूकाच्या उतारावर स्वतःची वायनरी काढली. आज तिथे उभे राहून पाणी पाहणाऱ्याला तो शांत देखावा वाटतो. त्यामागे एका म्हाताऱ्या शेतकी-शास्त्रज्ञाचा हट्ट आहे, हे त्याला माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

आता गल्ल्याकडे येऊ. शास्त्राने वेल जगवला, पण १९७० च्या दशकात शेतकरी बुडायच्या बेतात होता. द्राक्षे घेणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि भाव त्याच ठरवत. अमेरिकी लोकांची आवड कॅलिफोर्नियाच्या कोरड्या वाइनकडे वळू लागली, तशी काँकर्ड-कटॉबाची मागणी घसरली. प्रदेशातली सर्वांत मोठी कंपनी, टेलर, १९७७ मध्ये कोकाकोलाने विकत घेतली आणि काही वर्षांतच ती सीग्रॅमला विकून टाकली. पुढे ती आणखी हात बदलत गेली आणि नव्वदच्या दशकात हॅमंड्सपोर्टचा कारखाना बंद पडला. ज्यांच्या पिढ्या टेलरला द्राक्षे घालत आल्या होत्या त्यांच्या हातात उभ्या बागा राहिल्या आणि गिऱ्हाईक उरले नाही. संस्थापकाचा नातू वॉल्टर टेलर याने आधीच वेगळे होऊन छोटी वायनरी काढली होती. कोकाकोलाच्या मालकीच्या टेलर कंपनीने त्याच्यावर खटला भरला आणि त्याला लेबलावर स्वतःचे आडनाव वापरायची बंदी झाली. तेव्हा त्याने बाटल्यांवरचे ‘टेलर’ हे नाव काळ्या शाईने खोडून त्या विकल्या. नाव खोडलेल्या त्या बाटल्या या प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या अवस्थेचे खरे चित्र होत्या.

सत्तरच्या त्याच दशकात, १९७६ मध्ये, न्यू यॉर्क राज्याने फार्म वायनरी कायदा केला. वर्षाला ५०,००० गॅलन, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार लिटरपर्यंत वाइन करणाऱ्या शेतकऱ्याला स्वस्त परवाना मिळेल. द्राक्ष न्यू यॉर्कचेच हवे. आणि मुख्य म्हणजे त्याला आपल्या जागेवर वाइन चाखायला देता येईल आणि थेट गिऱ्हाइकाला विकता येईल. तोवर अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे माल घाऊक वितरकाकडून दुकानदाराकडे आणि तिथून पिणाऱ्याकडे जाई. छोट्याला त्या साखळीत शिरकावच नव्हता. कायदा झाला त्या वर्षी अख्ख्या राज्यात १९ वायनऱ्या होत्या. आज त्या चारशेच्या वर आहेत आणि त्यांतल्या शंभराहून अधिक याच सरोवरांच्या काठी आहेत. याचा हिशेब ढोबळपणे मांडता येतो. एक टन द्राक्षांपासून साधारण सातशे बाटल्या होतात. चांगल्या रीसलिंगच्या टनाला वायनरी शेतकऱ्याला देते ते हजार-दोन हजार डॉलरच्या घरात. तीच वाइन शेतकऱ्याने स्वतः करून काउंटरवर बाटलीमागे वीसेक डॉलरने विकली तर चौदा हजारांच्या आसपास हातात येतात. त्यातून बाटली, बूच, टाक्या, मजुरी, कर्जाचे हप्ते हे सगळे जाते आणि नफा म्हणून उरते ते थोडेच. पण वितरकामार्फत तीच बाटली दुकानात गेली असती तर त्या वीस डॉलरमधले निम्म्याच्या आसपासच परत आले असते. छोट्या शेतकऱ्याचे तरणे-बुडणे या निम्म्यावर ठरते. एकेकट्या वायनरीला पाहुणे खेचणे जमेना, तेव्हा १९८३ मध्ये केयूगाकाठच्या वायनऱ्यांनी मिळून अमेरिकेतली पहिली ‘वाइन ट्रेल’ काढली. एकच नकाशा, एकच पाट्या, आणि शेजाऱ्याकडेही जा असे सांगणारे शेजारी.

काउंटरवर जे घडते त्याची दखल घेतल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. समोर चार-पाच वाइनची यादी असते, प्रत्येकीचा घोट साधारण औंसभर, म्हणजे दोन मोठे चमचे. ओतणारी व्यक्ती पुष्कळदा घरचीच असते. आधी कोरडी, मग जराशी गोड, शेवटी पूर्ण गोड, असा क्रम. पेला किंचित फिरवायचा, नाक आत घालायचे, मगच घोट घ्यायचा. न आवडल्यास शेजारच्या भांड्यात ओतून टाकायचा, त्यात अपमान नाही. रीसलिंगच्या बाटलीच्या मागे कोरडी-गोड दाखवणारी एक पट्टी छापलेली असते आणि तिच्यावर खूण असते. रीसलिंग म्हणजे गोडच, या समजाने अमेरिकेत त्या द्राक्षाचे फार नुकसान केले होते. तो समज जाहिरातीने जाणारा नव्हता. दोन पेले शेजारी ठेवून, हा चाखा आणि मग तो चाखा, असे लाखो वेळा करावे लागले. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातून आलेल्या हरमान वीमरने सेनेकाच्या काठी रीसलिंग लावले तेव्हा त्या वाइनला गिऱ्हाईक तयार नव्हते. ते या काउंटरांनी तयार केले. टेस्टिंग रूम गल्ल्याइतकीच शाळाही आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

यावर पहिला आक्षेप चोखंदळ लोकांचा. त्यांच्या मते टेस्टिंग रूमने वाइन बिघडवली. लग्नाआधीच्या पार्ट्यांच्या बस येतात, गोंगाट होतो, आणि शेतकरीही मग भडक लेबलाच्या गोड वाइन करत बसतो. यात तथ्य आहे. ऑक्टोबरातल्या शनिवारी काही ठिकाणी काउंटरवर तीन रांगा लागतात आणि तिथे कुणी काही शिकत नाही. म्हणूनच अनेक वायनऱ्यांनी मोठ्या गटांना आगाऊ नोंदणी सक्तीची केली, चाखण्याला शुल्क लावले, बसून चाखायची पद्धत आणली. पण गोड वाइनची लाज का बाळगायची, हे मला समजत नाही. काँकर्ड-कटॉबा हे या मातीत शंभर वर्षे रुजलेले पीक. इथल्याच नेपल्स गावात त्याच काँकर्डची द्राक्षे भरलेले गोड ‘पाय’ (pie) विकतात आणि दरवर्षी लोक ते खायला मुद्दाम येतात. चार डॉलरने स्वस्त असलेली गोड बाटली घेणाऱ्याच्या पैशांतूनच त्या शेतकऱ्याची रीसलिंगची नवी लागवड होते. उलट विचारून पाहावे: टेस्टिंग रूम नसती तर इथे कोरडी रीसलिंग झाली असती का? १९७६ आधी कारखाने होते, वितरक होते, सगळे होते. तिला गिऱ्हाईक मिळाले ते त्यानंतर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मराठी वाचकाच्या मनात तो पहिल्या परिच्छेदापासून असणार. शेवटी ही दारूच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. हा आक्षेप मी खोडून काढू पाहत नाही, तो खोडण्यासारखा नाहीच. शिवाय या प्रदेशात सार्वजनिक वाहतूक नावालाच आहे. एका दिवसात चार-पाच वायनऱ्या करणारा माणूस गाडी चालवत असेल तर तो स्वतःला आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला धोक्यात घालतो. तोंडातला घोट ओतून टाकण्याचे भांडे, भाड्याचा ड्रायव्हर, दिवसाला दोन-तीनच ठिकाणे, या गोष्टींवर जितका भर द्यावा तितका थोडा. माझा मुद्दा त्याहून मर्यादित आहे. जिथे कायद्याने वाइन विकली जातेच, तिथे ती कशी विकली जावी? स्वस्त क्वार्टर घेऊन कोपऱ्यात एका दमात रिचवायची दारू एकीकडे. दुसरीकडे दिवसाउजेडी, माणसाच्या समोर, दोन चमचे मोजून, कोणत्या उतारावरच्या कोणत्या वर्षीच्या पिकाची हे ऐकत चाखायची वाइन. समाजावर दोन्हींचा परिणाम सारखाच होतो, असे मानायला मी तयार नाही.

तिसरा आक्षेप सरोवराच्या बाजूने येतो. इतकी माणसे, इतक्या गाड्या आणि बागांमधली खते-औषधे यांनी पाणी खराब होत नाही का? होते. २०१७ मध्ये सिराक्यूज शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या, एरवी नितळ म्हणून नावाजलेल्या स्कॅनीअॅटलस सरोवरातही विषारी शेवाळ फुटले आणि सगळा प्रदेश हादरला. त्यामागे दुग्धशाळा, मका, गावांचे सांडपाणी, तापते उन्हाळे अशी अनेक कारणे आहेत, आणि द्राक्षबागांनी आपला वाटा नाकारू नये. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. वॉटकिन्स ग्लेनजवळ सेनेकाच्या काठी मिठाच्या जुन्या खाणींच्या पोकळ्या आहेत. तिथे वायू आणि एलपीजी साठवण्याचा एका कंपनीचा बेत होता. त्याविरुद्ध कित्येक वर्षे लढा चालला आणि त्यात वायनरीवाले पुढे होते. वायूसाठ्याचा विस्तार कंपनीला २०१७ मध्ये सोडून द्यावा लागला आणि एलपीजीचा परवाना राज्याच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये नाकारला. कारखान्याला द्राक्षे घालणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याच्या देखाव्याशी देणेघेणे नसते. ज्याचा गल्ला त्या पाण्याकडे तोंड करून मांडला आहे, तो पाण्यासाठी कोर्टात जातो. ही स्वार्थाची बाब आहे खरी, पण सरोवराला राखणदार मिळाला. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सेनेका आणि केयूगा ही नावे इथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांची आहेत. १७७९ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची गावे, मक्याची शेते आणि फळबागा जाळून त्यांना येथून हुसकावले. लेबलावर सरोवराचे नाव छापणाऱ्या प्रत्येक वायनरीच्या काउंटरवर ही माहिती असावी, असे मला वाटते.

हे सगळे वाचून नाशिककराला गंगापूर धरण आठवेल. धरणाच्या फुगवट्याकाठीही वायनऱ्या आहेत, बाल्कन्या आहेत, संध्याकाळी पाण्यात उतरणारा सूर्य पाहायला मुंबई-पुण्याहून आलेली गर्दी आहे. २००५ मध्ये सुला या वायनरीने तिथे टेस्टिंग रूम उघडली आणि वायनरीत जाऊन वाइन चाखायची सवय महाराष्ट्राला लागली. पण दोन काठांमध्ये फरक आहे. नाशिकला वेल गोठत नाही. त्याला विश्रांती मिळते ती छाटणीने, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. गोदावरीवरचे ते पाणी ठिबकला आणि शहराच्या नळांना जाते. वेल जगवण्यात त्याचा हात सेनेकासारखा नाही. पाण्यातला हा फरक निसर्गाचा. गल्ल्यातला फरक आपण केलेला आहे. २००१ च्या धोरणाने महाराष्ट्राने वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले. अनेक बागायतदारांनी वाइनच्या जाती लावल्या. पण त्यांच्यातल्या बहुतेकांनी द्राक्षे करारावर वायनरीला घालायची, हीच रचना राहिली. २००८ नंतर बाजार बसला, करार मोडले, पैसे अडकले आणि कित्येकांनी त्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षे लावली. हॅमंड्सपोर्टच्या शेतकऱ्याचे सत्तरच्या दशकात जे झाले तेच.

म्हणून २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या निर्णयावर जो वाद पेटला, तो पाहून वाईट वाटले. शेतकऱ्याच्या भल्यासाठी, असे एक बाजू म्हणत होती. यात समाजाचे नुकसान आहे, असे दुसरी. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. पण सुपरमार्केटच्या फळीवर बाटली ठेवायची ताकद कोणाकडे असते? ज्याच्याकडे वितरणाचे जाळे आणि जाहिरातीचे बजेट असते त्याच्याकडे. पाच एकरवाल्याला त्या फळीचा उपयोग नाही. त्याला उपयोग आहे तो बांधावरच्या परवान्याचा. आपला पाच एकरवाला टाक्या, यंत्रे आणि चाचण्यांचा खर्च कुठून करणार, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर अमेरिकेकडे नाही, महाराष्ट्राकडेच आहे. १९९१ मध्ये महाग्रेप्सने बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आणून शीतगृहे उभारली आणि नाशिक-सांगलीचे द्राक्ष युरोपात नेले. वीस-तीस बागायतदारांची एक सामाईक वायनरी, एक सामाईक टेस्टिंग रूम, तिथेच बेदाणा आणि द्राक्षरसही, आणि बाटलीवर द्राक्ष ज्याच्या बागेतले त्याच्या गावाचे नाव. साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या प्रदेशाला हे कठीण नाही. न्यू यॉर्कमध्ये कायद्याने एकेकट्या शेतकऱ्याला मोकळे केले. महाराष्ट्रात सहकार त्याला मोकळे करू शकेल.

नोव्हेंबरच्या मध्यावर फिंगर लेक्समधली गर्दी ओसरते. पहाटे सेनेकाच्या पाण्यावरून वाफ उठत असते, कारण हवा पाण्यापेक्षा कितीतरी थंड झालेली असते. उतारावर ट्रॅक्टर ओळीओळीने माती चढवत जातो आणि एकेक कलमाची गाठ वरंब्याखाली झाकली जाते. छोट्या वायनऱ्यांमध्ये ट्रॅक्टरवरचा माणूस दुपारी हात धुऊन काउंटरमागे उभा राहतो. आठवड्याला दोन-तीनच दिवस उघडी असते ती खोली. आलेल्या दोघा-तिघांना तो ऑक्टोबरात तोडलेल्या द्राक्षांविषयी सांगतो. ती वाइन अजून टाकीत असते, म्हणून गेल्या वर्षीची ओततो. नखांच्या कडेला सकाळची माती तशीच असते.